आंब, राख आणि मायचे दात

आत्मकथन म्हातारपणी लिहावं म्हणतात. माझ्या भागातल्या बायांचे दात म्हातारपणापर्यंत थांबत नाहीत, म्हणून मी हे आत्ताच लिहिते आहे.

आमच्या घरी सकाळचा पहिला आवाज दात घासण्याचा. न्हाणीजवळच्या फरशीवर माय, बाबा आणि काशीआत्या ओळीनं उकिडवे बसायचे. मधे पत्र्याचा डबा, डब्यात गवरीची चाळलेली राख आणि तिच्यात बारीक कुटलेलं मीठ. एकदा तिघांची बोटं चालू झाली की करपलेली कढई वाळूनं घासावी तसा करकर आवाज घरभर व्हायचा. बाबा आसेगाव ते मंगरूळ काळीपिवळी जीप चालवायचे. पहिली ट्रिप हुकली तर दिवस वाया, तरीही दातांच्या बाबतीत घाई त्यांना चालायची नाही. "दात अन् भांडं, घासल्याबिगर चमकत नाई," असं ते तोंडात बोट ठेवूनच सांगायचे. काशीआत्या ही त्यांची थोरली बहीण, आमच्याकडेच राहायची. तिच्या तोंडात समोर मोकळं मैदान होतं, पण उरलेल्या दाढांवर ती अशी तुटून पडायची की जणू त्यांनीच पुढच्यांना पळवून लावलं होतं. मी हळू घासते म्हणून मला बोलणी बसायची. "लाड करून राह्यली काय वं दातायचे?" असं आत्या विचारायची आणि माझं बोट धरून स्वतःच घासून दाखवायची. हिरडीतून रक्त आलं की म्हणायची, "हां, आता निंगालं खराब."

मग चुलीवर चहा. कपबशीतला पहिला घोट माय घ्यायची आणि तिचा एक डोळा मिटायचा. गरम लागलं की एक डोळा, गार लागलं की दोन्ही. माठातलं पाणी ती आधी तळव्यावर घेऊन कोमट करायची आणि मग ओठांच्या कडेनं आत ओढायची. मला कितीतरी वर्षं वाटत होतं की पाणी प्यायची ही मोठ्या बायांची रीतच असावी, कारण आमच्या मोहल्ल्यातल्या अर्ध्या बाया तशाच प्यायच्या.

माझी माय वच्छला. बायांची एक टोळी तिच्या शब्दावर चालायची. कोणाच्या वावरात कधी जायचं, कोणी पिकाची कोणती पात, म्हणजे ओळ, धरायची, सुट्टी कधी करायची, सगळं तीच ठरवायची. आमच्या शिवारात सोयाबीन निघालं की हरभरा येतो, आणि हरभरा वितीएवढा झाला की त्याचे शेंडे खुडावे लागतात. शेंडा खुडला की झाड फुटतं, घाटे जास्त लागतात, आणि खुडलेली कोवळी भाजी बाजारात विकली जाते, म्हणजे वावरवाल्याचा दुहेरी फायदा. हे खुडायचं काम बायांचं. आता हरभरा ज्यानं जवळून पाहिला नाही त्याच्यासाठी सांगते: या झाडाला घाम येतो. पानापानावर आंबट थेंब साचतात, त्याला आम्ही आंब म्हणतो. पहाटे वावरात ओलं धोतर पसरून ठेवायचं आणि पिळून घ्यायचं, की ती आंब बाटलीत उतरते. पोटदुखीवर ती बाटली प्रत्येक घरात असते. या आंबेनं बायांच्या पायांना भेगा पडतात, बोटांची सालं निघतात, लुगड्याचे काठ विरतात.

आणि तोंडाचं काय, हे कोणी विचारत नव्हतं. वावरात शिरल्यापासून बाया शेंडे चावत राहायच्या. कंबरेच्या पिशवीत मीठ-मिरचीची पुडी असायची. शेंडा खुडायचा, मिठाला लावायचा, तोंडात टाकायचा. भूक मरते, तहान मरते, गप्पाही रंगतात. दिवस कलेपर्यंत सगळ्यांचे दात आंबलेले. दात आंबले म्हणजे काय ते मराठी माणसाला सांगायला नको, चिंच खाल्लेल्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे. दातावर दात टेकवत नाही, भाकर चावताना अंगावर काटा येतो. या आंबटपणावर आमच्याकडे एक पक्का इलाज होता. घरी आलं की आधी डबा. राख-मीठ घेऊन आंब "काढायची", तीही सकाळपेक्षा दुप्पट जोरानं. म्हणजे ज्या वेळी दाताला हात लावू नये, नेमक्या त्याच वेळी आमच्या बाया त्याला खरवडत होत्या. आणि पोरींना तेच शिकवत होत्या.

मी कॉलेजात गेले तोवर मायचे पुढचे चार दात पिवळे पडून काचेसारखे पातळ झाले होते. कडेला उजेड धरला तर आरपार दिसायचं. गार वाऱ्यानंही ठणका बसायचा. तिनं निर्णय घेऊन टाकला होता. आठवडी बाजारात बस थांब्याजवळ एक दातवाला छत्री लावून बसायचा. पुढ्यात लाल कपडा, कपड्यावर उपटलेल्या दातांची रास, एक चिमटा आणि एक जबड्याचं चित्र. डिग्री विचारली तर तो त्या राशीकडे बोट दाखवायचा. काशीआत्याचे दात त्यानंच काढले होते. माय म्हणाली, "येत्या बाजारी मी बी चारी काढून टाकतो. नसले त दुखतीन कसे?" बाबांनी मान डोलावली. आत्या म्हणाली, "पह्यले दोन दिवस बोबडं बोलशीन, मंग सवय होते." कोणाच्याही आवाजात दुःख नव्हतं. आंब्याच्या झाडाची वाळकी फांदी छाटावी तसं ते बोलत होते. माझ्या मायचं वय तेव्हा चाळिशीच्या आतलं होतं. आज मी त्याच वयाकडे चालले आहे आणि हे वाक्य लिहिताना मला अजूनही राग येतो.

मी तेव्हा अकरावीत होते. आमच्या बुद्धविहारात पोरापोरींचं एक मंडळ होतं. तिथं आम्ही पत्रकं लिहायला शिकत होतो: मोठं अक्षर, छोटं वाक्य, एका पत्रकात एकच मागणी. दारूविरुद्ध लिहिलं, शाळेच्या संडासासाठी लिहिलं. मला वाटत होतं की जगातले सगळे अन्याय आता माझ्या ओळखीचे झाले. दातांचा त्यात समावेश आहे हे मला त्याच आठवड्यात कळलं, जेव्हा आमच्या कॉलेजात तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातल्या दाताच्या मॅडम तपासणीला आल्या. माझ्या तोंडात बॅटरी टाकून त्या म्हणाल्या, "लिंबू फार चोखतेस का ग?"

"नाही मॅडम, हरभरा."

मागच्या पोरी खिदळल्या. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी कसा, किती, कधी असं सगळं विचारलं. मग समजावलं. दाताच्या वरचं पांढरं कवच शरीरात सगळ्यात टणक असतं, हाडाहूनही. पण ते एकदा गेलं की नखासारखं परत वाढत नाही. आंबट लागलं की ते वरवर मऊ पडतं. तोंडातली लाळ त्याला हळूहळू पुन्हा घट्ट करते, पण तिला अर्धा-पाऊण तास मिळायला हवा. तेवढ्या वेळात साध्या पाण्यानं चुळा भरायच्या आणि दातांना बोटसुद्धा लावायचं नाही. मी शहाणपणानं म्हटलं, "आम्ही तर लगेच राखेनं घासतो. आंब निघून जावी म्हणून."

मॅडमनी बॅटरी खाली ठेवली. "लगेच?"

"वावरातून आल्या आल्या."

"म्हणजे भिंत ओली असताना तुम्ही रंग खरवडताय," त्या म्हणाल्या. "दर वर्षी."

मी घरी पळतच गेले. मायला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. "तुह्या मॅडमची माय खुडाले जाते काय हरभरा? माह्या मायनं राखेनंच घासले."

"तिचे दात कुठे आहेत मग?"

"थे मेली. दात घेऊन कोन बसते?"

शब्दांनी हरवता येत नाही म्हटल्यावर मी मंडळात शिकलेली दुसरी गोष्ट काढली: सांगू नको, दाखव. आमच्या गावरान कोंबडीची तांबूस अंडी असायची. दुसऱ्या दिवशी सकाळी एक अंडं पेल्यात ठेवून वर पोटदुखीच्या बाटलीतली आंब ओतली. दुसरं नुसतंच कोरडं ठेवलं. पेल्यातल्या अंड्यावर बारीक बुडबुडे धरले, मोहरीएवढे, आणि वर येऊ लागले. संध्याकाळी माय वावरातून आली, हात सवयीनं राखेच्या डब्याकडे गेला, तेव्हा मी दोन्ही अंडी तिच्यापुढे ठेवली.

"थे अंडं कायले नासवलं वं?"

"आधी हे कोरडं घास. तुझ्या राखेनं. जोरात."

तिनं घासलं. अंडं तसंच तांबूस. "आता हे," म्हणून मी आंबेतलं अंडं काढून तिच्या तळव्यावर ठेवलं. तिनं चिमूटभर राख घेऊन अंगठा फिरवला, आणि अंड्याचा तांबूस थर चिखलासारखा तिच्या अंगठ्यावर आला. खाली पांढराफट, खडूसारखा पट्टा उघडा पडला. माय थांबली. पुन्हा एकदा अंगठा फिरवला, मुद्दाम हळू. पुन्हा थर निघाला. बाबा दारात चपला काढत होते, ते एका पायातली चप्पल तशीच ठेवून बघत राहिले. मीच सांगून टाकलं की अंड्याला लाळ नसते, म्हणून ते बिचारं परत घट्ट होऊ शकत नाही. आपल्याला असते, पण आपण तिला वेळ देत नाही.

सगळ्यात आधी काशीआत्या बोलली. तिनं राखेचा डबा उचलला, आत पाहिलं आणि म्हणाली, "वच्छला, म्हंजे माहे दात ह्याच डब्यात गेले की वं."

 मग मायनं अंगठा लुगड्याला पुसला आणि माझ्यावरच उखडली. "कळलं मले. आता पुढचं सांग. चुळा भरा म्हनते तुही मॅडम. कायच्या भरू? वावरात एक कळशी पानी येते, थे पेयाले पुरत नाई. तहान लागते म्हून त शेंडे चावतो आमी. पानी कोन देते? तू देते?"

पत्रक लिहिणारीला यापेक्षा मोठी भेट कोणती मिळणार? एका पत्रकात एकच मागणी. ती मागणी मायनं मला तयार करून दिली होती.

बाजाराच्या दिवशी मी कॉलेज बुडवून मायला एसटीनं तालुक्याला, मॅडमच्या दवाखान्यात न्यायला निघाले. ती येते म्हणाली होती, पण अर्धवट मनानं. बस थांब्यापाशी छत्रीवाला होताच. त्यानं मायला ओळखलं. "ये माय, बस. एका झटक्यात मोकळी करतो." माय खरंच थांबली. ठणका रात्रीपासून होता, आणि झटका या शब्दात फार मोह होता. मी तिचा दंड धरला. तिनं त्या लाल कपड्यावरची दातांची रास नीट पाहिली. मग विचारलं, "काहून रे, यातले काशीबाईचे कोनते?"

"आता थे कसं सांगू मी?"

"मंग माहे बी सांगता याचे नाईत तुले," ती म्हणाली आणि बसमध्ये चढली.

दवाखान्यात मॅडमनी एकेक दात ठोकून पाहिला, गार हवा मारून पाहिली. मायनं खुर्चीचा हात असा धरला की तो हलायला लागला. "मुळं पक्की आहेत, कीड नाही. काढायचे म्हणून कोणी सांगितलं?" मायनं माझ्याकडे पाहिलं, जणू मीच सांगितलं होतं. मॅडमनी त्या चारी दातांवर दातासारख्याच रंगाचं भरण बसवलं, निळ्या दिव्यानं घट्ट केलं. मऊ ब्रश दिला, फ्लोराइडची पेस्ट लिहून दिली. ब्रशवर वाटाण्याएवढीच पेस्ट घ्यायची, हळू गोल फिरवायचा, रात्री झोपताना नक्की घासायचं, राख-मीठ-कोळसा-विटेची भुकटी घरातून बाहेर काढायची. आणि शेवटी त्या म्हणाल्या, "मावशी, मी झाकलंय. पण रोज तेच आंबट आणि त्यावर तेच खरवडणं झालं तर हे टिकायचं नाही. मग मात्र काढावेच लागतील."

म्हणजे मायचे दात आता मॅडमच्या हातात राहिले नव्हते. ते हरभऱ्याच्या धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, ठरणार होते. परतीच्या बसमध्ये माय जिभेनं सारखी ते नवे दात चाचपत होती. मग म्हणाली, "लिह्य तुहं पत्रक."

मी लिहिलं: वावरात पिण्याच्या पाण्याचा ड्रम पाहिजे. ड्रम नाही तर खुडणी नाही. खाली छोट्या अक्षरात कारण: आंब लागलेल्या दातांना चुळेचं पाणी हवं, राख नको. बायांना वाचून दाखवण्याऐवजी मायनं अंड्याचाच प्रयोग विहाराच्या ओट्यावर करून दाखवला, आणि माझ्यापेक्षा चांगला केला, कारण तिनं अंडं प्रत्येकीच्या हातात दिलं. एकीनं विचारलं, "वावरवाला ऐकन काय?" माय म्हणाली, "शेंडे थांबत नसतात. ऐकन."

वावरवाला म्हणजे अरुणभाऊ. वाईट माणूस नव्हता. बोलायला गोड, पण पाण्याचा विषय आला की विहीर लांब, बैल दमले, पाइप फुटला. त्या सकाळी दव अजून खाली होतं, हरभरा चमकत होता, भाजी न्यायला बाजाराचा टेम्पो रस्त्यावर उभा होता, आणि सगळी टोळी धुऱ्यावर पाय सोडून बसली होती. अरुणभाऊंना आधी वाटलं कोणी वारलं.

"काय झालं वं बाया हो? कायले बसल्या?"

मी पत्रक पुढे केलं. त्यांनी वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडून वाचलं. "आता दाताचं बी मीच पाहू? तुमच्या दाताचा ठेका घेतला काय मी?"

"दाताचा नाई घेतला, हाताचा घेतला," माय म्हणाली. "पन भाऊ, हात आले की तोंड संग येते. थे घरी ठेवून येता येत नाई."

टेम्पोवाला खो-खो हसला. अरुणभाऊ त्याच्यावर ओरडले. मग गोड झाले. "आजच्या दिवस खुडा. उद्या पक्का ड्रम."

"मंग उद्या खुडू," काशीआत्या म्हणाली. दात गेल्यापासून ती खुडायला जात नसे, त्या दिवशी खास आली होती. "आमाले काय, उन्हात बसलो त बरंच वाटते. तुमचा टेम्पो काय म्हनते पाहा."

"अवं काशीबाई, तुमाले त दातच नाईत, तुमी कायले भांडता?"

"म्हूनच," आत्या म्हणाली.

दुसऱ्या गावावरून बाया आणीन म्हणून त्यांनी फोन लावला. फोन लागला, बोलणं झालं, आणि त्यांचा चेहरा पडला. त्या गावच्या टोळीतही मायची मावसबहीण होती आणि अंडं तिच्याही हातात पोचलं होतं. ऊन धुऱ्यावर चढलं. टेम्पोवाल्यानं हॉर्न मारला, पुन्हा मारला. बाया गाणी म्हणू लागल्या, मग एकमेकींच्या डोक्यातल्या उवा पाहू लागल्या. सहल निघाली होती जणू. मी मात्र एकेकीच्या हाताकडे पाहत होते, कारण एकीनं जरी उठून खुडायला सुरुवात केली असती तर सगळं संपलं असतं आणि संध्याकाळी माय पुन्हा त्या डब्यापाशी बसली असती. कोणी उठली नाही. शेवटी अरुणभाऊंनी पत्रक खिशात घातलं आणि आपल्या पोराला हाक मारली, "दगड्या, ट्रॅक्टर काढ. निळा ड्रम भरून आन. अन् गिलास बी आन, नाईतर त्याच्यावर दुसरं पत्रक काढन हे पोट्टी."

आज मी जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत दातांचं आणि पाण्याचं हेच काम करते. आता वावरात हरभऱ्याबरोबर रंगीत गोड पाण्याच्या बाटल्याही आल्या आहेत. त्याही आंबटच, साखर फक्त तो आंबटपणा लपवते. पोट्टे तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळतात, लग्नात सोडा पितात, आणि सकाळी दुकानातलं कोळशाचं काळं मंजन लावून फोटो काढतात. राखेचा डबा गेला आणि तोच डबा चकचकीत पाकिटात परत आला. मला विचारतात, तुम्ही एवढ्या चिडता कशाला, दातच आहेत. मी सांगते, होय, दातच आहेत. आणि ते ज्यांच्याकडे साधं पाणी नाही त्यांचेच आधी जातात.

तर त्या दिवशी ट्रॅक्टर आला. ड्रम धुऱ्यावर उतरवताना थोडं पाणी सांडलं आणि बाया एकदम ओरडल्या, "अरे सांडू नोको!" सकाळी येताना वाटेवरचे शेंडे चावून सगळ्यांचे दात आंबले होतेच. मायनं पहिला गिलास भरला. तोंडात पाणी घेऊन गाल फुगवून ती उभी राहिली आणि हातानंच खूण केली की थांबा, सगळ्या मिळून. गिलास फिरत गेला. एकेकीचे गाल फुगत गेले. काशीआत्यानंही घेतलं, तिच्या गालांत तर जागाच जागा होती. अरुणभाऊ मधेच उभे राहून काहीतरी हिशोबाचं बोलत होते. मायनं हात खाली केला आणि धुऱ्यावर एकदम अशी पिचकारी उडाली की अरुणभाऊ उडी मारून ट्रॅक्टरच्या मागे गेले. हरभऱ्यातल्या चिमण्या भुर्रकन उठल्या. बाया हसून हसून खाली बसल्या. मायनं ओठ पुसले, लुगड्याचा काठ खोचला आणि सगळ्यात पुढची पात धरली.

"चला वं बाया," ती म्हणाली, "आता खुडा किती खुडता थे."